याजकदीक्षेआधी दोन वर्षे कमवून खाऊ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात शेजारच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भाविकांच्या परिसरात, एका तरुणाला याजकदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, मिळाली. पाचवी ते दहावी तो माझ्या शाळेत होता, म्हणून आग्रहाचे आमंत्रण आले आणि मी पुढच्या बाकांवर, त्याच्या मावश्यांच्या रांगेत बसले होते. कॅथलिक दीक्षाविधीच्या आरंभी एक छोटा संवाद असतो. उमेदवाराला नावाने पुढे बोलावतात. मग बिशप त्याला सादर करणाऱ्या धर्मगुरूंना विचारतात की हा उमेदवार पात्र आहे हे तुम्हाला ठाऊक आहे काय. त्यावर धर्मगुरू उत्तर देतात की ख्रिस्ती लोकांकडे चौकशी करून आणि जबाबदार व्यक्तींची शिफारस घेऊन हा पात्र आढळला आहे, अशी मी साक्ष देतो. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या, कारण मुलगा खरोखर गुणी आहे. पण चौकशीच्या त्या वाक्यापाशी माझे मन अडकून राहिले. माझे वय ६८ आहे, जन्म वसई तालुक्यात गेला, डझनावारी दीक्षाविधी मी पाहिले, त्यांतले कितीतरी उमेदवार माझ्या वर्गात बसून शिकले. परंतु त्यांच्यापैकी एकाबद्दलही मला कधी कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कोणाला विचारल्याचेही मी ऐकलेले नाही.

हा विषय चर्चच्या अंगणातला, तो वर्तमानपत्रात कशाला, असे आमच्यापैकी काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. धर्मगुरू अनेक ठिकाणी शाळेचा व्यवस्थापकही असतो. प्रवेशाच्या दिवशी त्याच्या टेबलासमोर सर्व धर्मांचे आईवडील उभे असतात, शिक्षकांच्या नेमणुका त्याच्या सहीने होतात, वसतिगृहे आणि दवाखाने त्याच्या हाताखाली चालतात. कोवळ्या वयात एवढी सत्ता ज्याच्या हाती दिली जाते त्याची तयारी कशी झाली आहे, हे जाणून घेण्याचा हक्क केवळ कॅथलिकांचा नाही.

नियम असा आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०३१ प्रमाणे वयाची २५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि पुरेशी परिपक्वता असलेल्या पुरुषालाच याजकदीक्षा देता येते. त्याआधीची डिकनपदाची दीक्षा २३ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते आणि दोन्ही दीक्षांमध्ये किमान सहा महिन्यांचे अंतर लागते. बिशप होण्यासाठी मात्र किमान ३५ वर्षांची अट आहे. म्हणजे वयाबरोबर काहीतरी येते, हे चर्चला मान्य आहेच. अडचण एवढीच की २५ वर्षे जन्मदाखल्यावरून मोजता येतात, परिपक्वता कशावरून मोजायची याचा दाखला कुठल्याही कचेरीत मिळत नाही, आणि मग वाक्याचा पहिला अर्धा भाग नियम म्हणून उरतो व दुसरा शोभेपुरता राहतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतला एक ३४ वर्षांचा मुलगा नालासोपारा आणि विरार यांच्या दरम्यान भरल्या लोकलमधून पडून गेला. मागे बायको आणि पाच वर्षांची मुलगी. बातमी आल्यावर तासाभरात धर्मग्रामातले तरुण सहायक धर्मगुरू आले. त्यांना दीक्षा मिळून आठ महिने झाले होते. ते उंबऱ्याशीच उभे राहिले, हातातल्या पुस्तकातून प्रार्थना वाचली, देवाची योजना आपल्याला कळत नाही असे म्हणाले आणि दहा मिनिटांत निघून गेले. त्या मुलाच्या बायकोने त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. दुपारी एक निवृत्त धर्मगुरू आले. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जाण्यापूर्वी त्यांनी सहा वर्षे एका गिरणीच्या कचेरीत नोकरी केली होती. त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी जमिनीवर बसलेल्या बापाशेजारी ते जाऊन बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हळू आवाजात विचारले, लोहमार्ग पोलिसांकडे कोण गेलेय, पंचनाम्याची प्रत मागितली का, त्याचा पास कुठे आहे, तो जपून ठेवा. एका पोराला त्यांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला पिटाळले. मुलीच्या मामाला बाजूला घेऊन रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करावा लागतो, त्यासाठी पास लागेल, हे समजावून सांगितले. शेजारणीने आणलेली पेज त्या बाईला दोन घोट प्यायला लावली. प्रार्थना त्यांनी सर्वांत शेवटी केली, आणि तेव्हा सगळे घर त्यांच्याबरोबर म्हणू लागले.

त्या तरुण फादरांना मी दोष देत नाही. चार दिवसांनी ते मला चर्चच्या आवारात भेटले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "टीचर, मला काय करावे तेच सुचेना. आमच्या घरात मी असताना कोणी गेलेच नाही. आजी गेली तेव्हा मी सेमिनरीत होतो, परीक्षा चालू होती." मृत्यूविषयीचे धर्मशास्त्र त्यांना माझ्याहून शंभरपट अधिक ठाऊक होते. प्रेत घरात असताना कुठे बसायचे, एवढेच ठाऊक नव्हते.

हा प्रश्न आजचा नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आशिया मायनरमधल्या निओसिझेरिया येथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने ठरवले होते की मनुष्य कितीही लायक असला तरी ३० वर्षांच्या आत त्याला याजक करू नये. कारण दिले ते आपल्याला सहज पटण्यासारखे आहे: प्रभू येशूचा स्नानसंस्कार झाला आणि त्याने शिकवायला सुरुवात केली ती तिसाव्या वर्षी. लूकच्या शुभवर्तमानात तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता असे म्हटले आहे. त्याआधीची वर्षे त्याने नाझरेथमध्ये सुताराच्या घरात काढली. पूर्वेकडच्या चर्चने ६९२ च्या धर्मसभेत हाच ३० वर्षांचा नियम पुन्हा सांगितला आणि डिकनसाठी २५ वर्षे ठरवली. पश्चिमेकडे मात्र वय खाली येत गेले आणि मध्ययुगात त्याचा धरबंद उरला नाही. पुढे दहावे लिओ या नावाने पोप झालेल्या जिओव्हानी दे मेदिची याला १४८९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, कार्डिनल नेमले होते. या पार्श्वभूमीवर इटलीतल्या ट्रेंट येथे भरलेल्या धर्मसभेने १५६३ मध्ये याजकासाठी पंचविसाव्या वर्षाची अट घातली, तेव्हा ती सुधारणाच होती. त्याच धर्मसभेने प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असे ठरवले आणि तिथे किमान बारा वर्षांची मुले घ्यावीत असे म्हटले. मुलाला लहानपणीच जगाच्या वाऱ्यापासून दूर न्यायचे आणि आत वाढवायचे, ही पद्धत तिथून रुजली. १९१७ च्या संहितेने २४ वर्षे पूर्ण अशी अट ठेवली, १९८३ च्या संहितेने २५ पूर्ण अशी केली. म्हणजे ट्रेंटपासून १९८३ पर्यंतच्या चारशे वीस वर्षांत अट जेमतेम एका वर्षाने सरकली.

या काळात पंचविशीच बदलून गेली. माझे वडील २५ वर्षांचे होते तेव्हा त्यांना दोन मुले होती, वाडी कसायला घेतलेली होती, सावकाराचे देणे डोक्यावर होते आणि रोज पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन ते दादरला जात. बाजारात कोण फसवतो, पाऊस लांबला तर काय विकायचे, बहिणीच्या लग्नाला कोणाकडून उसने घ्यायचे, हे त्यांनी पंचविशीच्या आत शिकून घेतले होते. ट्रेंटच्या धर्मसभेला बसलेल्या मंडळींच्या नजरेसमोरचा २५ वर्षांचा पुरुष असाच असणार. आज माझ्या नातवंडांच्या पिढीत २५ हे शिक्षण संपण्याचे, पहिली नोकरी शोधण्याचे आणि आईच्या हातचा डबा घेऊन निघण्याचे वय आहे. तेव्हा जी मर्यादा संसारात मुरलेल्या माणसासाठी होती, ती आज विद्यार्थ्याला लागू होते.

कोणी म्हणेल की आज प्रत्यक्षात २५ व्या वर्षी दीक्षा होतेच किती जणांची? हे खरे आहे आणि ते मी प्रांजळपणे मान्य करते. दहावी किंवा बारावीनंतर आत गेलेल्या मुलाची पूर्वतयारी, तत्त्वज्ञान, ईशज्ञान (धर्मशास्त्राचा अभ्यास) आणि मधली सेवावर्षे धरली तर दीक्षेपर्यंत तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. म्हणूनच नुसता आकडा वाढवून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. वर्षे आहेत, पण ती कशी जातात ते पाहा. जेवणाची घंटा होते आणि ताट समोर येते. विजेचे बिल त्याने कधी पाहिलेले नसते. सेमिनरीतल्या सेवावर्षात त्याला बाहेर पाठवतात खरे, पण बहुधा चर्चच्याच शाळेत, वसतिगृहात किंवा धर्मग्रामात, आणि तिथे तो पहिल्या दिवसापासून 'ब्रदर' असतो. एकदा आमच्याकडे जपमाळेला असा एक एकवीस वर्षांचा ब्रदर आला होता, तेव्हा माझे ऐंशी वर्षांचे सासरे काठी टेकत खुर्चीवरून उठले आणि त्याला बसायला जागा दिली. तो बसला. त्याच्या जागी दुसरा कोणी त्या वयाचा पोरगा असता तर आळीतल्या चार जणांनी त्याला तिथल्या तिथे सुनावले असते. सुनावणारे कोणी नसणे, हे माणूस घडण्याच्या वयात फार मोठे नुकसान आहे, आणि ते नुकसान आम्ही भाविकच त्याचे करतो.

मराठी वाचकाच्या मनात इथे ज्ञानेश्वरांचे नाव येणार हे मला ठाऊक आहे. एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्याने जे सांगून ठेवले ते ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला सुचले नसते, मग वयाचे काय घेऊन बसलात? पण त्या चार भावंडांनी काय पाहिले होते ते आठवा. आईबापांना गमावलेले, समाजाने वाळीत टाकलेले, माधुकरीवर जगलेले ते बालपण होते. पोप दुसरे जॉन पॉल यांना १९४६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी दीक्षा मिळाली, पण तोवर आई, मोठा भाऊ आणि वडील तिघेही गेलेले होते, देश नाझींच्या टाचेखाली भरडून निघाला होता आणि त्यांनी आधी दगडाच्या खाणीत व मग रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. गोव्याचे संत जोसेफ वाझ १६७६ मध्ये, पंचविशीतच याजक झाले आणि पुढे वेषांतर करून श्रीलंकेत शिरले, कँडीत तुरुंगात पडले. असे पुरुष असतात. पण नियम त्यांच्यासाठी करायचा नसतो, तो तुमच्याआमच्या घरातल्या साध्या, चांगल्या मुलासाठी करायचा असतो, ज्याला दुःखाने अजून गाठलेले नाही.

आमच्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया घ्या. त्यांच्या नावाने आम्ही कॉलेज काढले, दर वर्षी सण करतो, पण त्यांच्या आयुष्याचा क्रम कोणी नीट पाहत नाही. तरुणपणी ते जपानला गेले, तिथे धर्मशिक्षणाचे काम केले, मग बाहेर पडून व्यापार केला आणि त्यानंतर मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते याजक नव्हते, हे मी विसरलेले नाही. पण फ्रान्सिस्कन जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा म्हणून गोन्सालोच लागले, कारण जपानी भाषा आणि जपानी माणूस हे दोन्ही त्यांना ठाऊक होते, आणि ते ज्ञान मठात बसून मिळालेले नव्हते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण देणाऱ्या या माणसाला सौदा करणे, तोटा सोसणे, परक्या बंदरात भाड्याच्या खोलीत राहणे ठाऊक असणार. आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते शिक्षक होते, कवी होते, गृहस्थ होते, आणि त्या निर्णयापायी पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे दुरावल्याचे दुःख त्यांनी भोगले. पाळकपदाची दीक्षा त्यांना चाळिशी ओलांडल्यावर मिळाली. अशा माणसाने घर मोडलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला तर तो हात निराळा लागतो.

माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. त्याच कलम १०३१ मध्ये बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेला किमान वय वाढवण्याचा अधिकार दिलेला आहे. भारतातल्या बिशपांनी तो वापरून याजकदीक्षेचे किमान वय ३० करावे, म्हणजे मधल्या वर्षांना जागा मिळेल. आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपल्यावर, ईशज्ञान सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक उमेदवाराने दोन वर्षे चर्चच्या कोणत्याही संस्थेबाहेर पगारी नोकरी करावी. भाड्याची खोली दोघा-तिघांत घ्यावी, स्वतः रांधावे, गर्दीच्या वेळची लोकल धरावी, साहेबाची बोलणी खावीत, पगारातले काही घरी पाठवावे. तिथे त्याला कोणी ब्रदर म्हणू नये. कोणाला कळलेच तर कळू द्यावे, पण खुर्ची कोणी देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी तरुणपणी ब्यूनस आयर्समध्ये प्रयोगशाळेत नोकरी केली होती आणि १९६९ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली तेव्हा ते तेहतिशीला आले होते. व्हॅटिकनने २०१६ मध्ये सेमिनरी प्रशिक्षणाची जी नवी रूपरेषा काढली तिच्यातही उमेदवाराच्या मानवी घडणीवर भर आहे आणि त्या कामी कुटुंबांचा व स्त्रियांचा वाटा मोलाचा मानला आहे. तेव्हा मी काही जगावेगळे मागत नाही.

यावर पहिली भीती बोलून दाखवली जाते ती अशी की बाहेर गेलेला मुलगा परत येणार नाही. काही येणार नाहीत, हे उघड आहे. पण जो बावीस-तेविसाव्या वर्षी पगार हातात आल्यावर, एखादी मुलगी आवडल्यावर निराळा मार्ग धरील, त्याला आत रोखून दीक्षा दिली तर ती मुलगी आणि तो पगार अडतिसाव्या वर्षी त्याच्यापुढे उभे राहणारच आहेत, आणि तेव्हा त्याच्या जाण्याने एक अख्खा धर्मग्राम पोळतो. इथे मला आमच्याच लोकांवर बोलावे लागेल. सेमिनरी सोडून आलेल्या मुलाला आम्ही जी वागणूक देतो ती लाजिरवाणी आहे. त्याची आई सहा महिने मिस्साला मागच्या दाराने येते. लोक कुजबुजतात की काहीतरी भानगड असणार. लग्न ठरवताना मुलीकडचे खोदून खोदून विचारतात. माझा एक विद्यार्थी ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला म्हणाला होता की टीचर, मला आत राहायचे नाही, पण घरावर लावलेले तोरण आणि माझ्या पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या बोलावण्यासाठी, छापलेली प्रार्थनापत्रे आठवली की बाहेर यायचे धैर्य होत नाही. दोन वर्षांची नोकरी सर्वांनाच सक्तीची झाली तर निदान एक दार तरी असे होईल की ज्यातून बाहेर पडताना कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.

दुसरी भीती संख्येची. पूर्वी एका घरात सात-आठ मुले असत, त्यांतला एक देवाला दिला जाई. आता दोनच असतात, मग उमेदवार येणार कुठून, आणि आले तर त्यांना आणखी थांबवायचे कसे? चिंता खरी आहे. पण बायबलमध्ये संत पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तुझ्या तारुण्यावरून कोणी तुला तुच्छ लेखू नये असे ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने कोणावर घाईने हात ठेवू नकोस असेही लिहिले आहे, आणि नवशिक्याला अध्यक्ष करू नये असेही. शिवाय वय वाढवले तर पस्तिशी-चाळिशीतले पुरुष, बँकेत, शाळेत, जहाजावर नोकरी केलेले, आज संकोचाने मागे राहतात ते पुढे येतील. अशा मोठ्या वयाच्या उमेदवारांना अभ्यास जड जातो हे मला मान्य आहे. फ्रान्समधले संत जॉन व्हियानी शेतकऱ्याचे पोर होते, लॅटिन त्यांना जन्मभर जड गेले, दीक्षा २९ व्या वर्षी कशीबशी मिळाली. पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी देशभरातून लोक येत आणि आज ते धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत.

राहिली ती चौकशी. दीक्षेपूर्वी उमेदवाराविषयी काही अडथळा माहीत असल्यास तो कळवणे भाविकांचे कर्तव्य आहे, असे धर्मसंहितेच्या कलम १०४३ मध्ये म्हटले आहे. पण चर्चच्या दारावरच्या सूचनाफलकावर चिकटवलेला कागद म्हणजे चौकशी नव्हे. मुलगा ज्या आळीत वाढला आणि ज्या ठिकाणी त्याने ती दोन वर्षे नोकरी केली, तिथल्या पाच-सहा घरी कोणीतरी जाऊन बसावे, त्यांतल्या निदान निम्म्या ठिकाणी बाईमाणसाशी बोलावे, एवढेच मला हवे आहे.

आमच्या आळीतला एक मुलगा सध्या ईशज्ञान शिकतो आहे आणि दोन वर्षांत त्याची दीक्षा अपेक्षित आहे. त्याच्याविषयी कोणी विचारायला आले तर मी ओटीवर सतरंजी घालीन, चहा ठेवीन आणि सांगीन: आई आजारी असताना सुट्टीभर तो इस्पितळाच्या बाकावर झोपला, तिची भांडी त्याने स्वतः धुतली. लहान मुलांशी त्याचे चांगले जमते. पण आपले चुकले हे त्याला कबूल करता येत नाही, आणि मोठ्या बहिणीला तो फार तोडून बोलतो. त्याकडे आत्ताच लक्ष द्या, अजून दोन वर्षे आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
वसई तालुका, जि. पालघर